मारियाला मनिलाची का केलंत?

पत्र लांबलचक आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून गोषवारा देते.

वाचक वसई भागातल्या. घरात सामवेदी ही वसईकडची बोली बोलतात, लिहितात मराठीत. आखातातल्या एका रुग्णालयात बरीच वर्षं स्टाफ नर्स होत्या, आता कायमच्या परतल्या आहेत. त्यांनी पहिलीच कादंबरिका लिहिली असून तिची नायिका म्हणजे त्यांची तिथली फिलिपिनो रूममेट. खरी मैत्रीण इलोइलोची. कादंबरीत तिचं नाव मारिया आणि गाव मनिला, 'कारण मनिला सगळ्यांना माहीत असतं.' एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलं : 'मारिया फिलिपिनो वाटत नाही, रत्नागिरीची वाटते. तिकडची संस्कृती येऊ द्या.' मग त्यांनी इंटरनेटवरून यादी काढली आणि अदोबो हा पदार्थ, कॅरिओके, जीपनी ही गाडी, वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावण्याची पद्धत, असं सगळं घातलं. आता ते प्रवासी कंपनीच्या पत्रकासारखं वाटतं, असं त्याच म्हणतात. मुंबईत साहित्य शिकणारी भाची म्हणते, 'मावशी, दुसऱ्यांच्या संस्कृतीवर लिहायचा तुला हक्कच नाही.' कादंबरीचा गाभा मैत्रिणीने नाइट ड्युटीवर सांगितलेली गोष्ट आहे : तिची मुलगी गावी मावशीकडे वाढली आणि मावशीलाच आई म्हणू लागली. मैत्रीण आता इंग्लंडमध्ये आहे, तिला या लेखनाचा पत्ता नाही. जाता जाता एक वाक्य येतं : 'शेवटी आमचं थोडं बिनसलं होतं, पण ते कादंबरीत नाही.' प्रश्न असा : संस्कृती आणखी घालू, कादंबरी गुंडाळून ठेवू, की मारियाला सरळ केरळची करून टाकू?

ताई,

केरळचं आधी निकालात काढू. मारियाला केरळची केलंत तर हेच संपादक लिहितील, 'केरळची वाटत नाही, थोडं नारळाचं तेल घाला.' मल्याळी नर्सलाही तिचं गाव असतं, चर्च असतं, घरच्या जमिनीचे तंटे असतात. ते तुम्हाला मारियाच्या घरापेक्षा जास्त ठाऊक आहेत, असं पत्रावरून तरी वाटत नाही. ही पळवाट आहे, आणि ते तुम्हालाही कळलेलं दिसतं.

आता संपादक. फिलिपिनो 'वाटणं' म्हणजे नेमकं काय, हे त्यांना विचारलंत का? आपल्याकडे त्या देशाची ओळख बहुतेकांना मॅगसेसे पुरस्कारापुरती. विमान अपघातात गेलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा हा पुरस्कार १९५८ साली, पहिल्याच वर्षी, विनोबांना मिळाला. पुढे चिंतामणराव देशमुख, बाबा आमटे असं करत ते नाव मराठी घरांत रुळलं. त्यापलीकडे काय, तर बोटीवरचा खलाशी, क्रूझवरचा गायक आणि हसऱ्या चेहऱ्याची नर्स. संपादकांच्या मनातली मारिया यांतलीच कुणीतरी असणार. तुम्ही मात्र तिच्याबरोबर एका खोलीत राहिलात, एका शेगडीवर रांधलंत. इतक्या जवळून पाहिलेलं माणूस वाचणाऱ्याला रत्नागिरीचं वाटलं, तर त्यात मला मोठा दोष दिसत नाही.

पण संपादकांना काहीतरी खटकलं, ते अगदीच खोटंही नाही. पत्रासोबतची दोन प्रकरणं मी वाचली. त्यांतली मारिया मनिलाची नाही, रत्नागिरीचीही नाही, ती कुठलीच नाही. आणि हे कुठे घडलं ते तुमच्याच पत्रात आहे : इलोइलोची बाई तुम्ही मनिलाची केलीत.

७,६४१ बेटांच्या देशात हा बदल किरकोळ नाही. इलोइलो पनाय बेटावर आहे. तिथली घरची भाषा हिलिगायनोन. शाळेत आणि टीव्हीवर मनिलाच्या टागालोगवर बेतलेली फिलिपिनो, अभ्यासात आणि नोकरीत इंग्रजी. राजधानीने आपल्याला गावंढळ समजावं, याचा राग मनिलाबाहेरच्या पुष्कळांना असतो. शिवाय नर्सिंगचा इतिहास पाहा. स्पेनने १८९८ च्या तहात हा देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेला देऊन टाकला. अमेरिकनांनी इंग्रजी शाळा उघडल्या, दवाखाने काढले, आणि १९०६ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी फिलिपिन्समधली पहिली नर्सिंगची शाळा सुरू केली ती इलोइलोतच. १९४८ पासून प्रशिक्षणाच्या नावाखाली नर्सेस अमेरिकेला जाऊ लागल्या. १९७० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या सरकारने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे धोरणच केलं आणि आखाताची दारं उघडली. तुमच्या शेजारच्या पलंगावर ती का झोपायची, याचं निम्मं उत्तर तुम्ही खोडलेल्या गावाच्या नावात होतं. हा इतिहास कादंबरीत लिहा असं मी म्हणत नाही. नका लिहू, कंटाळवाणं होईल. पण तो तुम्हाला माहीत असला, की रुग्णाशी अस्खलित इंग्रजी बोलणारी मारिया 'पुरेशी फिलिपिनो नाही' या शेऱ्याने तुम्ही डगमगणार नाही.

नावाचंही तेच. फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याने १८८७ मध्ये छापलेली 'नोली मे तांगेरे' ही स्पॅनिश कादंबरी तिथे शिक्षणात सक्तीची आहे. १९५६ साली तसा कायदाच झाला. तिची नायिका मारिया क्लारा. लाजरी, सोशिक, मर्यादेत राहणारी बाई म्हणजे मारिया क्लारा, असं समीकरण तिथे पिढ्यानपिढ्या चालत आलं, आणि लेखिका तितक्याच पिढ्या त्याच्याशी भांडत आल्या आहेत. तुम्ही नकळत नायिकेला तेच नाव दिलंत आणि स्वभावही तोच : सहन करते, हसते, गाते, पैसे पाठवते. नाव ठेवायचं तर ठेवा, पण स्वभाव तपासा. ती चिडते केव्हा? कुणाशी खोटं बोलते? दोन प्रकरणांत मला एकदाही दिसलं नाही.

आजचे फिलिपिनो कथाकार हे सगळं कसं हाताळतात, ते बघण्यासारखं आहे. एलेन कास्तियोची 'अमेरिका इज नॉट द हार्ट' (२०१८) घ्या. कॅलिफोर्नियातलं एक फिलिपिनो घर. बायको पाझ नर्स, पाळ्यांवर पाळ्या करणारी, पांगासिनान प्रांतातल्या गरीब घरातली. नवरा पोल इलोकानो भाषा बोलणारा, बड्या घराण्यातला, मायदेशी शल्यचिकित्सक होता आणि अमेरिकेत सिक्युरिटी गार्ड झाला. त्यांच्याकडे राहायला येते पुतणी, जी कम्युनिस्ट बंडखोरांबरोबर डोंगरात डॉक्टर म्हणून राहिली, पकडली गेली आणि छळ सोसून आली. एका घरात तीन देशी भाषा आणि वर इंग्रजी, आणि लेखिका त्या समजावून सांगत बसत नाही. जेवण पानापानावर आहे, पण कुठला पदार्थ कसा करतात याला महत्त्व नाही. कुणी कुणाला वाढलं, कोण कुणाच्या घरचं खायला बिचकलं, याला आहे. अमेरिकनांच्या नजरेला हे सगळे एकजात 'फिलिपिनो'. घरात मात्र पाझ आणि तिच्या नवऱ्याचं घराणं यांच्यातलं अंतर एवढं आहे की महासागर ओलांडूनही ते मिटत नाही. तुमची भाची म्हणते ती 'दुसऱ्यांची संस्कृती' अशी एकसंध कुठे सापडते, हे ही कादंबरी वाचून तिनेच सांगावं.

तुमच्यासाठी त्याहून जवळचं पुस्तक मिया अल्वारचं, 'इन द कंट्री' (२०१५). नऊ कथा. लेखिका फिलिपिन्समध्ये जन्मली, बहरीन आणि न्यूयॉर्कमध्ये वाढली. बहरीनमध्ये घडणारी 'शॅडो फॅमिलीज' ही कथा आधी वाचा. ती 'आम्ही' अशा अनेकवचनात सांगितली आहे : हे 'आम्ही' म्हणजे नवऱ्यांच्या चांगल्या नोकऱ्यांवर सुखात असलेल्या फिलिपिनो बायका. घरकामाला आलेल्या, मजुरीला आलेल्या देशबांधवांना त्या आपल्या घरी जेवायला बोलावतात, त्यांना मदत करतात, आणि त्या मदतीची ऊब स्वतःच घेतात. मग एक तरुणी अशी येते, की ती या उपकाराच्या चौकटीत बसत नाही. सगळी कथा त्या अस्वस्थतेवर चालते. ती वाचताना आखातातल्या तुमच्या शुक्रवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, आठवण येईल. तिथे तुमची मैत्रीण कुणाशेजारी बसायची? घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांशी कशी बोलायची? मनिलाच्या नर्सेसशी? एखाद्या समाजातलं माणूस त्या समाजातल्या कुणापासून चार हात दूर राहतं, ते टिपलंत की यादीतल्या पदार्थांची गरज उरणार नाही. याच पुस्तकातल्या शीर्षककथेची नायिकाही नर्स आहे आणि ती संपात उतरते. हसऱ्या नर्सच्या चित्रावर चांगला उतारा.

तिसरं, होसे दालिसायची 'सोलेदाद्स सिस्टर' (२००८). जेद्दाहून मनिलाच्या विमानतळावर एक शवपेटी येते. कागदांवर जिचं नाव आहे ती बाई गावात जिवंत आहे, बारमध्ये गाते; मेली ती तिची बहीण, जी तिच्या नावावर परदेशी गेली होती. 'ओळख' या शब्दावर परिसंवाद पुष्कळ होतात, पण परदेशी राबणाऱ्यांची ओळख आधी कागदाची असते, हे या एका प्रसंगात येतं. तुमच्या दोन्ही प्रकरणांत पासपोर्ट हा शब्द नाही. करार नाही. पगाराचा दिवस नाही. पासपोर्टाचा देश बघून पगार ठरण्याचा प्रकार तुम्ही जवळून पाहिला असेल. तुमच्यात आणि तिच्यात तेवढ्यावरून कधी कुजबुज, हेवा, गैरसमज झालेच नाहीत? भारतीय नर्सेसच्या खोलीत फिलिपिनो नर्सेसबद्दल काय बोललं जायचं? तुमची निवेदिका फार चांगली आहे, ताई. तिला थोडे पूर्वग्रह द्या. ते तुमच्याकडे असतीलच, सगळ्यांकडे असतात.

भाचीच्या मुद्द्याकडे येते. तिला झिडकारू नका. परक्याने आपली गोष्ट सांगणं हा फिलिपिनो लेखकांचाही दुखरा विषय आहे, आणि त्यावर जीना अपोस्तोलने 'इन्सरेक्टो' (२०१८) ही कादंबरीच लिहिली. १९०१ मध्ये सामार बेटावरच्या बालांगिगा गावाने अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. सूड म्हणून अमेरिकन सैन्याने बेट बेचिराख केलं आणि चर्चच्या घंटा नेल्या. त्या परत यायला डिसेंबर २०१८ उजाडला. कादंबरीत एक अमेरिकन दिग्दर्शिका या घटनेवर पटकथा लिहिते, तिची फिलिपिनो अनुवादिका ती वाचते आणि स्वतःची दुसरीच पटकथा लिहिते. दोन्ही एकमेकींत मिसळत जातात. सरळ वाचून संपवण्यासारखी ती कादंबरी नाही, दमवते. पण बाहेरच्या माणसाने लिहूच नये, असं ती म्हणत नाही. तुझ्या पटकथेला माझ्या पटकथेची सोबत सोसावी लागेल, एवढं ती बजावते.

शिवाय हक्काचं म्हणाल तर तो तिथेही कुणाच्या खिशात नाही. वर मी घेतलेल्या आजच्या पुस्तकांतली बरीचशी अमेरिकेत राहणाऱ्यांची आणि सगळी इंग्रजीतली आहेत, कारण आपल्यापर्यंत तीच पोचतात. 'मी कोण' हा प्रश्न कॅलिफोर्नियात जसा पडतो तसा मनिलाच्या कॉल सेंटरमध्ये पडत नाही. तिथल्या माणसांवर ग्लेन दियाझची 'द क्वाएट वन्स' (२०१७) आहे, पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल. आणि लुआलहाती बाउतिस्ता, ज्या २०२३ मध्ये वारल्या, त्यांनी फिलिपिनो भाषेतच लिहिलं. त्यांची 'देकादा सेतेंता' (१९८३) ही पाच मुलगे असलेल्या मध्यमवर्गीय आईची, मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळातली गोष्ट आहे. त्यात 'फिलिपिनो असणं' समजावून सांगायचा भार कुणावर नाही, कारण वाचक घरचाच आहे. भाचीने हेही ध्यानात घ्यावं की तुमचा वाचक मराठी आहे. तुम्ही फिलिपिनोंच्या वतीने जगाशी बोलत नाही आहात, वसईच्या एका बाईने पाहिलेलं मराठी माणसाला सांगताय.

आणि नेमकी हीच वसईची बाई कादंबरीत नाही. निवेदिका फक्त 'एक मराठी नर्स' आहे. का? घरात सामवेदी, चर्चमध्ये आणि कागदावर मराठी, वॉर्डात इंग्रजी, अशा तीन खोल्यांत तुम्ही आयुष्यभर ये-जा केलीत. मैत्रीण घरच्या फोनवर हिलिगायनोन, कँटीनमध्ये फिलिपिनो आणि तुमच्याशी इंग्रजी बोलायची, हे तुमच्याइतकं चटकन कुणाच्या लक्षात आलं असतं? पत्रात तुम्ही लिहिलंय, 'आईशी बोलताना तिचा आवाजच बदलायचा.' हे वाक्य कादंबरीत कुठेही नाही, कॅरिओके मात्र तीनदा आहे. दोघी कॅथलिक, एकीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आलेले, दुसरीच्या किनाऱ्यावर स्पॅनिश. (वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि तिथून जपानला गेले, १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं. हे दोघींच्या बोलण्यात कधी निघालं होतं का, याचं मला निव्वळ कुतूहल आहे.) निवेदिकेला तिचं गाव द्या. मग मारियातलं काय तिला कळतं, काय कळत नाही आणि काय ती चुकीचं समजते, हे आपोआप उघडं पडेल. न कळलेलं तसंच राहू द्या. त्याला तळटीप नको.

कामाला बसाल तेव्हा पहिल्या खर्ड्यापासून सुरुवात करा, यादी घातलेल्या खर्ड्यापासून नको. यादीतली गोष्ट परत घ्यायची तर एकच कसोटी लावा : ती काढली तर प्रसंगात काही अडतं का? नाताळआधीच्या नऊ पहाटेच्या मिस्सा नुसत्या सजावटीला असतील तर जाऊ द्या. पण नाइट ड्युटी संपवून ती तशीच थेट मिस्सेला जायची आणि त्यावरून तुमचे तिच्याशी खटके उडाले असतील, तर तो प्रसंग सोनं आहे. गाव इलोइलोच ठेवा. मैत्रिणीची ओळख लपवायची असेल तर पनायवरचं दुसरं गाव घ्या, पण मनिला नको. नावांचे उच्चार मात्र एखाद्या फिलिपिनो माणसाकडून ऐकून मगच देवनागरीत लिहा. बोटीवर, क्रूझवर, आखातात परक्या सोबत्यांबरोबर राहून आलेल्या, आणि आता त्यावर लिहू पाहणाऱ्या इतरांनाही माझं हेच सांगणं आहे : त्या देशाची माहिती गोळा करण्याआधी त्या माणसाशी तुमचं कशावरून भांडण झालं, ते आठवा.

एका बाबतीत मात्र भाची बरोबर आहे, फक्त तिने चुकीच्या जागी बोट ठेवलं. फिलिपिनो संस्कृतीची परवानगी मागायला कुठे जाणार? पण तुमच्या मैत्रिणीची मागता येते. मुलगी मावशीला आई म्हणते, ही गोष्ट तिने रात्री तीन वाजता तुम्हाला सांगितली, दिवाळी अंकाला नाही. 'मराठीत कोण वाचणार, तिला कळणारही नाही' असं मनात आलं असेल तर ते काढून टाका. इंग्लंडमध्ये तिच्या वॉर्डात एखादी मराठी नर्स असू शकते, आणि तशी नसली तरी उत्तर बदलत नाही. ती पानं इंग्रजीत करून तिला पाठवा. पूर्ण कादंबरी नको, तेवढीच. सोबत साफ लिहा : हे मी वापरलं आहे, तुला नको असेल तर काढते. ती काही दुरुस्त्या सुचवेल, कदाचित तुम्ही जे ऐकलं ते तिने सांगितलंच नव्हतं, असंही निघेल. तेही लिहिण्याजोगं आहे. उत्तर येईपर्यंत हस्तलिखित कुणालाही देऊ नका, यंदाचा अंक चुकला तरी चालेल. संपादकांना तोवर दोन ओळी कळवा, की संस्कृती घालत नाही, गाव परत आणते आहे.

ती नाही म्हणाली, तर ते प्रकरण काढायचं. नाव बदलून, मुलीच्या जागी मुलगा करून ठेवायचं नाही. तिला ते ओळखू येईल. मग गाभा कुठला, असं विचाराल. तुमच्या पत्रात तो आहेच, अर्ध्या वाक्यात. एक इंग्लंडला गेली, एक वसईला परतली, आणि मधे काहीतरी बिनसलं. परीक्षेवरून, पैशावरून की कुणाच्या एखाद्या शब्दावरून, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातली अर्धी बाजू तुमची स्वतःची आहे. ती कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात आणून बघा, आणि ते प्रकरण झालं की मला पाठवा.